घोडा, गाढव व खेचर यांचे आंत्रकृमिरोग

अश्व कुलातील घोडा, गाढव व खेचर या प्राण्यांच्या जठरात व आतड्यांत राहून त्यांचे रक्त, ऊतक किंवा अन्नरस यांवर उपजीविका करणाऱ्या परजीवी कृमींमुळे होणाऱ्या रोगांना आंत्रकृमिरोग म्हणतात. मोकळ्या जागेत चरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जनावराच्या आतड्यांत थोडेफार कृमी असतातच. त्यामुळे केवळ कृमी असणे म्हणजे रोग नव्हे. कृमींची जाती व संख्या, जनावराचे वय व पोषण आणि त्याच्यावर पडणारा कामाचा ताण यांवर रोगाची तीव्रता अवलंबून असते. या रोगांचे एक वैशिष्ट्य असे की, प्रमुख जातींत आतड्यातील पूर्ण वाढलेल्या कृमींपेक्षा शरीरात संचार करणारे किंवा आतड्याच्या अस्तरात दडून राहिलेले त्यांचे डिंभ (अंड्यातून बाहेर पडलेल्या व पूर्ण वाढ न झालेल्या अळ्या) अधिक हानिकारक असतात. डिंभ अंडी घालीत नसल्याने लिदीच्या तपासणीत त्यांचा पत्ता लागत नाही. हानी आधी होते व तिचा पुरावा अनेक महिन्यांनी मिळतो. निदान, औषधयोजना व प्रतिबंध यांतील बहुतेक अडचणी यातूनच उद्‌भवतात.

अंड्यांची व डिंभांची शरीराबाहेरील वाढ तापमान व ओलावा यांवर अवलंबून असल्यामुळे रोगाचे ऋतुमान प्रदेशपरत्वे बदलते. प्रस्तुत नोंदीत कृमींचे सर्वसाधारण वर्णन देऊन छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्हा व मराठवाडा या कोरड्या प्रदेशाच्या संदर्भात रोगप्रसार व प्रतिबंध यांचा विचार केला आहे.

मोठे स्ट्राँगाइल : गोलकृमींच्या या गटातील स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस, स्ट्राँ. एडेंटेटस व स्ट्राँ. इक्विनस या तीन जाती महत्त्वाच्या आहेत. १.५ ते ५ सेंमी. लांबीचे हे कृमी उंडुक (मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा पिशवीसारखा भाग) व बृहदांत्र यांत राहतात आणि अस्तराचा लचका तोंडात धरून रक्त शोषतात. मादीने घातलेली अंडी लिदीबरोबर बाहेर पडतात. उष्ण व दमट हवेत ती उबून सात ते दहा दिवसांत डिंभ तिसऱ्या, म्हणजे संसर्गक्षम, अवस्थेला पोहोचतात. या अवस्थेत डिंभाभोवती संरक्षक आवरण असते. तो अन्न घेत नाही व साठविलेल्या शक्तीवर जगतो. दवाच्या किंवा पावसाच्या पाण्याच्या पातळ थरातून तो गवताच्या पात्यावर चढतो व चाऱ्याबरोबर जनावराच्या पोटात जातो.

तीन जातींपैकी स्ट्राँ. व्हल्गॅरिस ही सर्वांत घातक समजली जाते. तिचे डिंभ आतड्याचे अस्तर भेदून लहान रोहिण्यांत शिरतात व रोहिणीच्या आतील पृष्ठभागावरून प्रवाहाच्या उलट दिशेने सरकत सु. तीन आठवड्यांत आतड्यांना रक्त पुरविणाऱ्या मुख्य रोहिणीत पोहोचतात. तेथे ते तीन-चार महिने राहतात. रोहिणीच्या भित्तीला सूज येऊन ती जाड होते, क्वचित फुगते आणि आत रक्ताच्या गुठळ्या साचतात. गुठळीचा तुकडा सुटून पुढील लहान रोहिणीत अडकला, तर आतड्याच्या त्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो व तीव्र पोटशूळ उद्‌भवतो. आतड्याचा भाग मृत झाल्यास जनावर दगावते. रोहिणीतील या विकृतीचा व घोड्यांच्या पोटशूळाचा संबंध जर्मन विकृतिवैज्ञानिक ओटो बोलिंगर यांनी १८७० मध्ये दाखवून दिला. डिंभ नंतर आतड्यात परत येऊन प्रौढ होतात. संसर्गापासून लिदीत अंडी दिसेपर्यंत सहा ते सात महिने लागतात. स्ट्राँ. एडेंटेटस या जातीचे डिंभ यकृत व पर्युदर (उदरपोकळीचे अस्तर) यांतून, तर स्ट्राँ. इक्विनस या जातीचे यकृत व अग्निपिंड यांतून प्रवास करतात. त्यांचा कालावधी याहूनही अधिक असतो.

लहान स्ट्राँगाइल : या गटात सु. ५० जाती असून एकाच जनावरात त्यांपैकी अनेक जाती एकत्र आढळतात. कृमींची लांबी बहुधा १.५ सेंमी.हून कमी असते. यांचे डिंभ शरीरात दूरवर संचार करीत नाहीत. उंडुक व बृहदांत्र यांच्या अस्तरात शिरून ते स्वतःभोवती पुटी (सूक्ष्म कोश) तयार करतात. काही डिंभ थोड्याच आठवड्यांत बाहेर येऊन प्रौढ होतात, परंतु पुष्कळांची वाढ थांबते आणि ते दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक काळ सुप्तावस्थेत राहू शकतात. असे लक्षावधी डिंभ एकाच वेळी पुटी फोडून बाहेर पडले, तर आतड्याच्या अस्तराची मोठी हानी होते. अकस्मात सुरू होणारे व न थांबणारे अतिसार, झपाट्याने रोडावणे आणि पोटाखाली व पायांवर शोफ (द्रवयुक्त सूज) ही लक्षणे दिसतात. उपचार करूनही अशा रुग्णांपैकी निम्म्यापर्यंत दगावू शकतात. मोठ्या स्ट्राँगाइलांवर औषधांनी बरेच नियंत्रण मिळविले गेल्यामुळे प्रौढ घोड्यांत आता लहान स्ट्राँगाइल हेच जगभर प्रमुख आंत्रकृमी ठरले आहेत.

शिंगरांतील गोलकृमी : पॅरास्कॅरिस प्रजातीचे पांढरट, जाड कृमी लघ्वांत्रात राहतात. मादीची लांबी ५० सेंमी.पर्यंत असू शकते. डिंभ यकृतातून फुप्फुसात जातात, खोकल्याबरोबर घशात येतात व गिळले जाऊन पुन्हा लघ्वांत्रात पोहोचतात. संसर्गापासून दहा ते पंधरा आठवड्यांनी अंडी बाहेर पडू लागतात. शिंगरांत खोकला, नाकातून स्राव, वाढ खुंटणे, पोट सुटणे, राठ केस ही लक्षणे दिसतात. कृमींच्या गुंत्यामुळे लघ्वांत्र तुंबून फुटू शकते. सहा महिन्यांच्या वयानंतर हळूहळू प्रतिरक्षा (रोगप्रतिकारक्षमता) येत असल्याने प्रौढ जनावरांत हे कृमी सहसा आढळत नाहीत. अंड्यांचे कवच जाड व चिकट असून ती तबेल्याची जमीन, भिंती व गव्हाणी यांना चिकटून कित्येक वर्षे टिकतात. जीवविज्ञानाच्या इतिहासातही या कृमीला स्थान आहे. त्याच्या पेशींत गुणसूत्रे अगदी थोडी व मोठी असल्यामुळे बेल्जियन शास्त्रज्ञ एद्वार व्हान बेनेडेन यांनी १८८३ मध्ये जननपेशींतील गुणसूत्रांची संख्या निम्मी असते हे त्यावरून दाखविले. पुढे टेओडोर बोव्हेरी यांनीही त्यावर मूलभूत संशोधन केले.

स्ट्राँगिलॉइडिस वेस्टेरी या केसासारख्या बारीक कृमीचे डिंभ घोडीच्या दुधातून शिंगराच्या पोटात जातात व जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत अतिसार होऊ शकतो. ऑक्सियुरिस इक्वी या कृमीची मादी गुदद्वाराभोवती चिकट स्रावात अंडी घालते. खाज सुटल्याने जनावर शेपटीचा बुंधा भिंतीवर किंवा झाडावर घासते व तेथील केस झडतात. जठरात राहणाऱ्या हॅब्रोनीमा प्रजातीच्या कृमींचा प्रसार माश्यांमार्फत होतो. माशीने त्यांचे डिंभ जखमेवर सोडल्यास पावसाळ्यात चिघळणारे व लवकर बरे न होणारे व्रण होतात. भारतात अशा व्रणांना ‘बरसाती’ हे नाव रूढ आहे. गॅस्टरोफिलस प्रजातीच्या माशीच्या अळ्याही जठराच्या अस्तराला चिकटून राहतात. त्या खऱ्या अर्थाने कृमी नसल्या, तरी उपचारांच्या दृष्टीने त्यांचा विचार कृमींबरोबरच करतात.

पट्टकृमी व पर्णकृमी : ॲनोप्लोसेफाला परफोलिएटा हा चपटा पट्टकृमी लघ्वांत्र व उंडुक यांच्या संधीजवळ पुंजक्याने राहतो. कृमींची संख्या मोठी असल्यास तेथे व्रण पडतात व आतडे तुंबणे किंवा आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरणे असे प्रकार होतात. कुरणातील जमिनीत राहणारे ऑरिबॅटिड माइट (आठ पायांचे सूक्ष्म प्राणी) हे त्याचे मध्यस्थ पोषक होत. माइट गवताबरोबर खाल्ले गेल्यावर संसर्ग होतो. भारतातील घोडे व गाढवे यांच्या मोठ्या आतड्यात गॅस्ट्रोडिस्कस व स्यूडोडिस्कस या प्रजातींचे पर्णकृमीही आढळतात. त्यांचे मध्यस्थ पोषक गोड्या पाण्यातील गोगलगाई असल्याने तळी, डबकी व पाटांच्या कडेला चरणाऱ्या जनावरांत त्यांचा प्रादुर्भाव होतो.

मराठवाड्यातील परिस्थिती : औरंगाबाद शहराचा घोड्यांशी जुना संबंध आहे. मलिक अंबर याच्या चपळ घोडदळाची राजधानी असलेली खडकी म्हणजेच पुढील औरंगाबाद. १८५७ मध्ये उठाव करणारे हैदराबाद कंटिंजंटचे पहिले घोडदळ येथील छावणीत होते. वाहतुकीचे साधन म्हणून टांगा मागे पडल्यावर घोड्यांचा उपयोग मुख्यतः लग्नाची वरात, शर्यती व हौस यांपुरता उरला. गाढवे मात्र वीटभट्ट्या, वाळू व मातीची वाहतूक आणि अरुंद गल्ल्यांतील बांधकामे यांसाठी अद्याप वापरली जातात. कुंभार, परीट, वडार, बेलदार, कैकाडी इ. समाजांतील अनेक कुटुंबांची उपजीविका त्यांवर अवलंबून राहिली आहे. खेचरे या भागात फारशी नाहीत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात घोडे व तट्टे सु. ३.४ लाख, गाढवे सु. १.२ लाख व खेचरे सु. ०.८४ लाख होती. २०१२ च्या तुलनेत गाढवांची संख्या सु. ६१ टक्क्यांनी घटली होती. संख्या घटली की त्या जनावराकडे पशुवैद्यकीय योजनांचे लक्षही कमी जाते, परंतु ज्या कुटुंबाकडे तीन-चारच गाढवे आहेत त्याच्या दृष्टीने एक गाढव निकामी होणे म्हणजे रोजच्या उत्पन्नाचा मोठा भाग बुडणे होय.

या जिल्ह्यात वर्षाला सरासरी सु. ७०० मिमी. पाऊस पडतो व तो बहुतेक जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४०° से.च्या आसपास असते. अशा उन्हात उघड्यावर पसरलेल्या लिदीतील अंडी व डिंभ लवकर सुकून मरतात. म्हणून येथील संसर्गाचा काळ मुख्यत्वे पावसाळा व त्यानंतरचे दवाचे दिवस हा होय. सह्याद्रीच्या माथ्यावरील माथेरानसारख्या अतिवृष्टीच्या ठिकाणी, जेथे मोटारींना बंदी असल्याने घोडे हेच वाहतुकीचे प्रमुख साधन आहे, हा काळ साहजिकच अधिक लांबतो.

वीटभट्ट्यांचे काम साधारणपणे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पावसाच्या आरंभी थांबते. पावसाळ्यात गाढवांना काम नसते व ती गायरान, ओढ्याकाठ, रस्त्याच्या कडा व उकिरडे येथे मोकळी चरतात. म्हणजे जनावराला विश्रांती मिळते त्याच महिन्यांत त्याला सर्वाधिक संसर्ग होतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये पोटात गेलेले स्ट्राँ. व्हल्गॅरिसचे डिंभ पुढील हिवाळ्यात, भट्टीचे काम जोरात असताना, रोहिण्यांत असतात व त्यांची अंडी जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान लिदीत दिसू लागतात. ऐन कामाच्या दिवसांत जनावर दमते, अडखळते किंवा पोटशूळाने लोळते, तेव्हा त्याचे कारण मागील पावसाळ्यात शोधावे लागते. कोरड्या ऋतूतही संसर्ग पूर्णपणे थांबत नाही. ठाणावर लीद व मूत्र साचून राहिल्यास तेथील ओलावा डिंभांना पुरतो आणि त्याच जमिनीवर कडबा टाकल्यास ते पोटात जातात. जेजुरी (जि. पुणे), मढी (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) व माळेगाव (जि. नांदेड) येथील यात्रांत गाढवांचे वा घोड्यांचे मोठे बाजार भरतात. निरनिराळ्या जिल्ह्यांतील जनावरे तेथे एकत्र येत असल्याने कृमींचा व औषधरोधी वाणांचाही प्रसार होऊ शकतो.

लक्षणे : सौम्य संसर्गात बाह्य लक्षणे दिसत नाहीत. संसर्ग वाढल्यावर पुरेशी चंदी मिळूनही जनावर रोडावते, केस राठ व निस्तेज होतात, डोळ्यांची व हिरड्यांची श्लेष्मकला फिकट पडते (रक्तक्षय), जनावर लवकर घाम गाळते व थकते. मधूनमधून पोटशूळ, पातळ लीद किंवा बद्धकोष्ठ होते. गाढवातील लक्षणे ओळखण्यास विशेष सावधगिरी लागते. घोडा पोटात दुखू लागल्यावर जमीन उकरतो, पोटाकडे वळून पाहतो, लोळतो. गाढव मात्र पुष्कळदा केवळ मान खाली घालून स्तब्ध उभे राहते व खाणे सोडते. गाढवाने एक-दोन दिवस अन्न सोडल्यास शरीरातील चरबी रक्तात उतरून यकृत निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून खाणे सोडलेल्या गाढवाला त्वरित पशुवैद्याकडे नेणे आवश्यक असते. गाढवांच्या लिदीत अंड्यांची संख्या मोठी असूनही ती निरोगी दिसू शकतात व बरोबर चरणाऱ्या घोड्यांना संसर्ग देत राहतात. फुप्फुसातील डिक्टिओकॉलस आर्नफील्डी या कृमीच्या बाबतीतही हेच घडते. गाढवाला त्याचा त्रास क्वचित होतो, परंतु घोड्याला दीर्घकाळ खोकला जडतो.

निदान : ताज्या लिदीचा नमुना मिठाच्या संपृक्त विद्रावात मिसळला असता अंडी तरंगून वर येतात व सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मॅकमास्टर प्रयोगशाळेत विकसित झालेल्या मोजणी-काचेच्या साह्याने प्रतिग्रॅम लिदीतील अंड्यांची संख्या काढता येते. मोठ्या व लहान स्ट्राँगाइलांची अंडी सारखीच दिसतात. त्यांतील भेद ओळखण्यासाठी अंडी उबवून डिंभ वाढवावे लागतात. अंडी न आढळणे हा जनावर कृमिमुक्त असल्याचा पुरावा नव्हे, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. संचारी व पुटीस्थ डिंभ या परीक्षेत कळत नाहीत आणि पट्टकृमींची अंडी अनियमितपणे बाहेर पडत असल्याने निसटतात. ऑक्सियुरिससाठी गुदद्वाराभोवती पारदर्शक चिकटपट्टी लावून ती तपासतात. मराठवाड्यात परभणी येथील पशुवैद्यक महाविद्यालय (स्थापना १९७२) व जिल्ह्यांच्या ठिकाणची पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालये यांमुळे या तपासणीची सोय झाली आहे.

चिकित्सा : शालिहोत्र परंपरेतील संस्कृत ग्रंथांतून घोड्यांच्या रोगांचे व औषधांचे विवेचन आढळते. पळसाच्या बिया (पळसपापडी) व कपिला ही कृमिनाशक द्रव्ये देशी वैद्यकात प्रसिद्ध आहेत, परंतु त्यांतील क्रियाशील अंशाचे प्रमाण निश्चित नसल्याने मात्रा ठरविणे कठीण जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चिनोपोडियम तेल, कार्बन डायसल्फाइड यांसारखी विषारी औषधे वापरीत. १९४० नंतर फिनोथायाझीन, पुढे पिपरेझीन आणि १९६१ मध्ये थायाबेंडाझोल प्रचारात आले. १९८० नंतरच्या दशकात आलेल्या आयव्हरमेक्टिनमुळे संचारी डिंभांचाही नाश करता येऊ लागला. ज्या संशोधनातून ते निर्माण झाले त्याबद्दल विल्यम कॅम्बेल व सातोशी ओमुरा यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

घोड्यांत आयव्हरमेक्टिनची मात्रा दर किग्रॅ. वजनास ०.२ मिग्रॅ. असून ते तोंडावाटे देतात. ते मोठे स्ट्राँगाइल, त्यांचे संचारी डिंभ व जठरातील माशीच्या अळ्या यांवर गुणकारी आहे, मात्र पुटीस्थ डिंभांवर त्याचा परिणाम होत नाही. त्यांसाठी मॉक्सिडेक्टिन वापरतात, परंतु अतिमात्रा झाल्यास ते अपायकारक ठरते व चार महिन्यांखालील शिंगरांना देत नाहीत. पट्टकृमींसाठी प्राझिक्वांटेल देतात. गुरांसाठी तयार केलेले आयव्हरमेक्टिनचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) घोड्यांत गंभीर प्रतिक्रिया निर्माण करू शकते, म्हणून ते टाळावे. देशी गाढवाचे वजन घोड्याच्या मानाने फार कमी असल्याने छातीचा घेर मोजून वजनाचा अंदाज घेणे इष्ट असते. गाढवाच्या शरीरात काही औषधांचा निचरा घोड्यापेक्षा लवकर होतो. यामुळे मात्रा व अंतर पशुवैद्याने ठरविणे श्रेयस्कर असते. शिंगराच्या पोटात पॅरास्कॅरिस मोठ्या संख्येने असल्यास जलद क्रिया करणाऱ्या औषधाने सर्व कृमी एकदम मरून आतडे तुंबण्याचा धोका असतो.

औषधरोध : १९६६ पासून दर सहा ते आठ आठवड्यांनी सर्व घोड्यांना औषध देण्याची पद्धत अमेरिकेत सुचविली गेली व ती जगभर पसरली. स्ट्राँ. व्हल्गॅरिसमुळे होणारे मृत्यू त्यामुळे कमी झाले, परंतु वारंवार औषध दिल्याने त्याला दाद न देणारे कृमीच तेवढे उरले व वाढले. लहान स्ट्राँगाइलांत बेंझिमिडाझोल गटाच्या औषधांना रोध जगभर आढळतो. पॅरास्कॅरिसमधील आयव्हरमेक्टिनरोधाची पहिली नोंद २००२ मध्ये नेदर्लंड्समधून झाली. कळपातील सु. एक-पंचमांश जनावरे एकूण अंड्यांपैकी सु. चार-पंचमांश अंडी बाहेर टाकतात, असे दिसून आले आहे. म्हणून प्रौढ जनावरांची लीद तपासून प्रतिग्रॅम २०० ते ५०० हून अधिक अंडी असणाऱ्यांनाच औषध देण्याची पद्धत आता सुचविली जाते. औषधाच्या आधी व नंतर चौदा दिवसांनी अंडी मोजल्यास ते लागू पडले की नाही हेही कळते. डेन्मार्कमध्ये १९९९ पासून ही औषधे पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. तथापि केवळ निवडक उपचारांवर विसंबलेल्या तेथील तबेल्यांत स्ट्राँ. व्हल्गॅरिस पुन्हा अधिक प्रमाणात दिसू लागला. यावरून या जातीसाठी वर्षातून एक-दोन वेळा सर्व जनावरांना परिणामकारक औषध देणे अवश्य असल्याचे मानतात.

प्रतिबंधक उपाय : संसर्गाचे मूळ लीद हे असल्याने तिची विल्हेवाट हा सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय होय. ठाणावरील लीद रोज व चरण्याच्या बंदिस्त जागेतील आठवड्यातून दोनदा उचलावी. ती खड्ड्यात रचून कुजविल्यास निर्माण होणाऱ्या उष्णतेने अंडी व डिंभ मरतात. ताजी लीद गवताच्या जमिनीवर पसरू नये. चारा जमिनीवर न टाकता गव्हाणीत व चंदी तोबऱ्यातून द्यावी. पिण्याचे पाणी साचलेल्या डबक्यातील नसावे. घोड्याचे बहुतेक कृमी गाई-म्हशींत वाढू शकत नाहीत, त्यामुळे त्यांना आलटून पालटून त्याच कुरणात चारल्यास डिंभांची संख्या घटते. जठरात राहणारा ट्रायकोस्ट्राँगायलस ॲक्सी हा मात्र दोहोंना होणारा कृमी अपवाद आहे. पायांवर चिकटलेली माशीची पिवळसर अंडी खरारा करून काढावीत. बाजारातून आणलेले जनावर दोन आठवडे वेगळे बांधून, लीद तपासून व औषध देऊन मगच इतरांत सोडावे.

मराठवाड्याच्या हवामानात पावसाळा संपल्यावर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, भट्टीचे काम सुरू होण्यापूर्वी दिलेले औषध विशेष उपयुक्त ठरते. त्यामुळे पावसाळ्यात शिरलेले डिंभ रोहिण्यांत असतानाच नष्ट होतात. मे महिन्याच्या अखेरीस लीद तपासून अधिक अंडी असणाऱ्या जनावरांना औषध दिल्यास पावसाळ्यातील चराईची जमीन दूषित होणे टळते. या वेळी सर्वांना सरसकट औषध देणे योग्य नव्हे. कारण उन्हाळ्यात जमिनीवरील डिंभ मेलेले असल्याने औषधातून वाचलेल्या रोधी कृमींचीच संतती पुढे वाढण्याचा संभव असतो. वस्तीतील सर्व मालकांनी एकाच आठवड्यात हे उपाय योजल्यास त्यांचा अधिक फायदा होतो, कारण गायरान सर्वांचे असते व एका जनावराची लीद दुसऱ्याच्या चाऱ्यात जाते.

या कृमींचा मानवाला सामान्यतः संसर्ग होत नाही. [⟶ गाढव, घोडा, पट्टकृमी].